सागवानी फळा

पहिलं नाव अण्णांनी लिहिलं, चौसष्टला.
साहेबांनी चिठ्ठी दिली, अण्णांनी ती बघून बघून उतरवली.
इंग्रजी त्यांना येत नव्हतं,
अक्षरं यायची.
बक्षीस पाचशे रुपये आणि एक मनगटी घड्याळ.
जिंकणारा कलकत्त्याचा.
मुळा-मुठा बघून म्हणाला म्हणे,
पलीकडे जायला होडी कशाला, धोतर वर धरलं की झालं.

वर्ख रविवार पेठेतला, ब्रश खारीच्या केसांचा.
वर्ख लावताना पंखा बंद, बोलणं बंद,
शिंक आली तर दोन रुपयांचं सोनं हवेत.
हे मी सातवीत शिकलो, आठवीत गेलोच नाही.

सगळ्यात वरची ओळ स्पर्धेच्या नावाची.
तिथं मालक बदलायचे.
आधी सिगारेटवाले, मग स्कूटरवाले,
मग पंपवाले, मग एक बिल्डर, मग कॉम्प्युटरवाले.
दर वेळी मी काळा हात मारायचो,
वाळला की नवा धनी.
नखानं खरवडलं तर खालून अजून
तंबाखूचा वास येईल.

खालच्या नावांना कुणी हात लावला नाही.
एकाहत्तर मात्र नाही त्यात.
त्या डिसेंबरात लोहगावच्या आभाळात
निराळाच खेळ चालू होता.
सेक्रेटरी मेहेरजी म्हणाले, सरळ बहात्तर घे, फट नको.
अण्णांनी अर्ध्या बोटाची फट ठेवलीच.
विचारलं तर म्हणायचे,
लाकूड आहे साहेब, फुगतं.

ब्याऐंशीच्या नावात एक अक्षर माझ्या हातून राहिलं.
तो माणूस फळ्यापुढं उभा राहून हसला, फोटो काढला,
त्यालाही कळलं नाही.
मला अजून खुपतं,
दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

बॅगा उचलणारे सगळे आमच्या गल्लीतले.
बबन कुचेकर, एकोणऐंशीच्या विजेत्याचा कॅडी.
अठराव्या होलवर तोच म्हणाला,
साहेब, हिरवळ नदीकडं उतरते. दिसत नाही, पण उतरते.
साहेबांनी ऐकलं.
चेक साहेबांना.
बबनला वीस रुपये आणि एक जुना हातमोजा,
डाव्या हाताचा.

सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा हे लोक खेळायचे,
पाच जणांत एक मोडकी स्टिक,
हरणाऱ्यानं चहा पाजायचा.
त्या स्पर्धेला फळा नव्हता.

अठ्ठ्याण्णवला चिठ्ठी आली,
एस. बी. कुचेकर.
मी चष्मा पुसला.
सिद्राम! बबनचा सिद्राम,
लहानपणी गटारात चेंडू शोधून चार आण्याला विकायचा तो.
वर्खाची वही उघडली आणि नेमका हात थरथरायला लागला.
मागं बबन उभा, चपला दाराबाहेर काढून.
काय लिहितोयस?
तुझं नाव.
माझं कुठं, पोराचं.
मधला बी तुझाच ना?
तो बराच वेळ त्या अक्षराकडं बघत राहिला.
मग हळूच म्हणाला,
टिंब जरा मोठं दे.

गेल्या साली भिंतीवर स्क्रीन आला.
नावं आता सरकतात, थांबत नाहीत.
मॅनेजर, नातवाच्या वयाचा, म्हणाला,
काका, फळा नेताय का? नाहीतर भंगारात जाईल.
हातगाडीवर घालून आणला.
गुंजन चौकात सिग्नल लागला
तर एक रिक्षावाला मोठ्यानं वाचायला लागला,
साठ आकडे संपायच्या आत हिरवा पडला.

घराच्या दारातून आत जाईना.
आडवा करून बघितला, तिरका करून बघितला.
शेवटी गल्लीतच भिंतीला टेकवला.
पोरांनी त्याचा स्टंप केला.
धन्याच्या ओळीला बॉल लागला तर नॉट आऊट,
खालच्या नावांना लागला तर आऊट,
नियम त्यांचेच.

काल जोरात भांडण जुंपलं होतं.
एक म्हणे, अठ्ठ्याण्णवला लागला, मी आवाज ऐकला.
दुसरा म्हणे, शपथ, लागला नाही,
एकाहत्तरच्या फटीतून गेला.