एक टिंब घट

सहकारी बँकेनं मोडीत काढलेले बारा लॅपटॉप
विद्यापीठाच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर आले.
नगाला नऊशे रुपये. बॅटऱ्या मेलेल्या.
एकाचं एंटर गायब, तिथं कुणीतरी
शर्टाचं बटण चिकटवलेलं.
इर्शाद मुजावर, एम.एस्सी. भाग दोन, म्हणाला,
"सर, जीव हाय ह्यांच्यात. विंडोजचं ओझं तेवढं सोसत न्हाई."
दिवाळीच्या सुट्टीत, बाहेर तळ्याकडं मोर ओरडत असताना,
आम्ही बाराच्या बारा पुसून काढले, लिनक्स घातलं,
जे कुणी विकत नाही
म्हणून कुणी जाहिरातही करत नाही.

भोजे मॅडमनी जागा मिळवली:
हुपरी, समाजमंदिर, पंखा एक, प्लग दोन,
पैंजणाचं काम घरी आणून करणाऱ्या बायका चौदा.
मालक चांदी वजनानं देतो, वजनानं परत घेतो.
मधे जे उडतं, घासलं जातं, जळतं, ती घट.
घट जास्त निघाली की मजुरीतून कापतात.
बायकांना तेवढंच शिकायचं होतं,
आपली घट आपण लिहायची.
डिजिटल साक्षरतेची माझी एकवीस पानं
पिशवीतच राहिली.

अक्काताई शेंडुरे शर्टाच्या बटणापाशी बसल्या.
कडीला कडी डाखणारी बोटं, टोकं काळवंडलेली,
कळ दाबताना मात्र अशी
जणू खाली निखारा आहे.
तिसऱ्या रविवारी आकडा चुकला. मी म्हणालो,
"ते बघा, 'पूर्ववत करा' दाबा."
"पूर्ववत म्हंजे?"
"म्हणजे… मागं घ्या."
"मग तसं का लिव्हलं न्हाई?"

मी हसलो. मग हसणं थांबवलं,
कारण उत्तर माझ्याकडं होतं
आणि ते इतकी वर्षं मी फक्त वर्गात सांगत आलो होतो:
हे कुणीतरी लिहिलंय, तुम्हीही लिहू शकता.
"विचारायचं कुणाला?"
"कुणालाच नाही."
"फुकट दिलंय म्हंजे डाव असणार कायतरी," मागून कुणी बोललं.
अक्काताई म्हणाल्या, "आमच्याकडं साचा कुणी दाखवत न्हाई,
सख्ख्या भावालाबी. आन ह्यो सगळा साचाच उघडा ठेवलाय?"
"हो."
"खुळं हायत का शाणं?"
मला ठरवता आलं नाही.

इर्शादनं फाईल उघडली. अक्काताईंनी एका बोटानं
आठ मिनिटं घेऊन लिहिलं:
मागं घ्या.
ते आम्ही पाठवलं. कुठं, ते मलाही नीट सांगता येणार नाही,
जिथं अशा ओळी तपासणारी माणसं
आपली नोकरी संपवून रात्री बसतात, तिथं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. स्वीकारलं.
सहभागींच्या यादीत नाव: अक्काताई शेंडुरे, हुपरी.
फक्त एक किरकोळ दुरुस्ती.
मागे घ्या.

मी कौतुकानं स्क्रीन त्यांच्यापुढं धरली.
नावाकडं त्यांनी पाहिलंच नाही.
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
काट्यावरचा आकडा वाचतात तसं.
"डोक्यावरचं टिंब कुठं गेलं?"
"प्रमाण भाषा आहे ना, अक्काताई, पुस्तकात…"
"पुस्तकातलं ऱ्हाऊ दे. माझं मी दिलं तवा टिंब होतं."

पंखा फिरत होता. चौदा जणी गप्प.
मालकाच्या दारात अशीच गप्प बसतात, इर्शाद नंतर म्हणाला.
त्यानंच मान खाली घालून
त्या एका लॅपटॉपमध्ये ती ओळ बदलली,
कुणाला न विचारता, कारण विचारायचं नसतंच तिथं.
जगभर आता मागे घ्या.
हुपरीच्या समाजमंदिरात, बँकेचं अर्धं स्टिकर अजून पाठीवर असलेल्या
एका यंत्रावर
मागं घ्या.

संध्याकाळच्या एस.टी.त मी त्यांचा तक्ता उघडून पाहिला.
तारीख. दिली चांदी. आली चांदी. घट ग्रॅममध्ये,
दोन दशांशांपर्यंत चोख.
सगळ्यात खाली, त्या दिवसाच्या रकान्यात,
एका बोटानं दाबून लिहिलेलं:
एक टिंब. परत मिळालं.