पोटखराबा

सातबाऱ्यावर, लागवडीच्या आकड्याखाली,
एक ओळ असते: पोटखराबा,
शून्य हेक्टर बासष्ट आर.
ज्यातून काही निघत नाही, ज्यावर आकार बसत नाही.
आमच्या गावात त्या ओळीत
कमळपक्षी राहायचे.

मी पाटकरी. पालखेडच्या पाटावर एकतीस वर्षं.
खांद्याला फावडं, सायकलच्या दांडीला गेटची किल्ली,
आणि खिशात वही. वहीत पाण्याला तीन रकाने:
सोडलं. पोचलं. तूट.
वाटेत मुरलं ते सगळं तूट.
तूट जास्त दिसली की साहेब बोलवायचे.

चौऱ्याऐंशी साली ते म्हणाले, ते डबरं मोकळं करा.
डबरं म्हणजे ओढा कादवेला मिळायच्या आधी
जिथं बसून घ्यायचा ती जागा.
लव्हाळा, पाणकणीस, मांडीभर काळा पोयटा.
आम्ही सहा जणांनी अकरा दिवस चर खणली.
बाराव्या दिवशी शेवटचं ढेकूळ मी काढलं.
पाणी लगेच नाही गेलं.
आधी नुसतं हललं,
मग गेलं ते संध्याकाळपर्यंत जातच होतं,
आणि मागं चिखलात मरळ तोंड उघडत होते.
साहेबांनी पेढे वाटले.
मी दोन खाल्ले.

एक वर्ष गहू झाला. पुढं बेशरम.
खालच्या आळीतल्या विहिरी
मार्चमध्ये तळ दाखवू लागल्या,
मग आडवे बोअर, मग उभे बोअर, मग टँकर.
माझ्या वहीत तूट कमी झाली होती.

ती चर बुजवायला आता आम्ही पुन्हा सहा जण,
पाच नवे आणि मी.
तोंड नक्की कुठं होतं ते मलाही आठवेना.
ठकूबाई बर्डे आली. तिचा बाप इथं
मासे धरायला टोपली लावायचा.
तिनं चप्पल काढली, बांधावरून उतरली,
चालली, वळली, परत चालली.
थांबली. म्हणाली, हितं.
कशावरून?
हितं पाय गार पडतोय.

काळी माती, बांबू, गोणपाट, वर दगड.
बेशरम मुळासकट काढायची, तोडायची नाही,
तोडलं की प्रत्येक तुकडा नवं झाड होतो.
हे मला एका शाळकरी पोरानं सांगितलं,
तेही माझ्या हातातला कोयता बघून.

ग्रामसभेत भागवत निरगुडे उभा राहिला.
म्हणाला, दव वाढेल, बागेवर डावणी येईल,
डास येतील, आणि साप येतील ते वेगळेच.
तो खोटं बोलत नव्हता.
हात मोजले: सतरा, चौदा.
घरी जाताना त्यानं मला रामराम केला नाही.

पहिल्या वर्षी खरंच डास आले.
पाणी घोट्याएवढं, वर हिरवट साय,
एकही पक्षी नाही.
लोक मला बघून हसायचे, मीही हसायचो,
आणि पहाटे कोणी नसताना जाऊन
काठी बुडवून बघायचो.

दुसऱ्या वर्षी पाणकणीस स्वतःहून उगवलं.
मे महिन्यात शेकाट्यांच्या जोडीनं
आमच्या येण्याजाण्याच्या बांधावरच घरटं केलं,
चार अंडी, मातीच्याच रंगाची.
सहा आठवडे आम्ही लांबून गेलो,
पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत. ठकूबाईसुद्धा,
म्हाताऱ्या गुडघ्यांनी.

त्याच मे महिन्यात एका रात्री झोप लागेना
म्हणून अंगणात बसलो होतो.
निरगुड्यांच्या विहिरीवर मोटर चालू होती.
दोन वाजले, अडीच वाजले,
आवाज फाटत नव्हता, हवा खेचत नव्हता.
सकाळी तो काही बोलला नाही.
मीही विषय काढला नाही.

जुनी वही अजून आहे. मागची पानं कोरी होती,
त्यात तारीख टाकतो, काठीवरचं माप लिहितो.
रकाने तेच तीन ठेवलेत.
सोडलं: ओढ्यानं.
पोचलं: माहीत नाही.
आणि तिसऱ्या रकान्यात,
जिथं लिहिताना एकतीस वर्षं हात आखडायचा,
तिथं रोज
भरपूर.