त्रेसष्ट

बावीस वर्षं तपासल्या वह्या
रामबागेजवळच्या ह्या शाळेत, तिसरीच्या.
त्रेसष्ट सांगितले की निम्म्या वर्गाचे छत्तीस.
लाल पेनाने गोल. बाजूला : लक्ष कुठे आहे?

लक्ष तिथेच होतं.
हे कळायला मला
प्रशिक्षणाचा एक कंटाळवाणा शनिवार लागला.
गार समोसा, पडद्यावरची न दिसणारी अक्षरं,
आणि माझ्या लेकीच्या वयाची एक बाई,
सर्दीने बेजार, नाक पुसत म्हणाली,
"मुलाने काय चुकवलं ते नंतर.
आधी काय ऐकलं ते लिहा.
आणि प्रश्न विचारलात की थांबा. मनात तीन मोजा."

घरी येऊन मोठ्याने म्हटलं : त्रे-सष्ट.
आधी तीन. मग साठ.
कान तीनला दारापर्यंत आणतो,
हात त्यालाच आधी आत घेतो.
पलक मालवीयच्या तिरसठमध्येही
तीनच पुढे, पायात बूट घालून तयार.
आणि एकोणसत्तर! तिथे तर
म्हणायचं सत्तर, लिहायचा सहा,
आणि कुणातून कोण उणा
हे आठ वर्षांच्या डोक्याने उभ्या उभ्या ठरवायचं.
मुठीत मावतात तीन-चार गोट्या.
मी वरून ओततच होते.

सोमवारी यशोदीप मुंगीला फळ्याशी बोलावलं.
चौऱ्याऐंशी, म्हटलं. आणि गप्प राहिले.
एक.
बाहेरून कचऱ्याची गाडी गाणं म्हणत गेली,
अख्ख्या वर्गाचे ओठ हलले, कडवं न कडवं पाठ.
दोन.
(पूर्वी मी एकलाच उत्तर देऊन टाकायची.)
यशोदीपने खडू टेकवला.
चार लिहिला,
त्याच्या डावीकडे बोटभर जागा होती,
तिथे आठ.

"मॅडम, उलटं लिहिलं!" मागच्या बाकावरून हशा.

उलटं नाही, मी म्हणाले, ऐकलं तसं आलं,
आणि बरोबर जागी बसलं.
पण आवाज माझा मलाच परका वाटला,
कारण त्या बोटभर जागेत
हेमंत कोरान्ने उभा होता.
तोही आधी तीन लिहायचा, मग डावीकडे सहा.
उत्तर बरोबर. तरी मी पट्टीने बोटांवर :
सरळ लिही, सरळ!
त्यानंतर तो सरळच लिहायचा. छत्तीस.

संध्याकाळी छावणीत गेले.
खिळे नको होते मला.
हेमंतच्या दुकानात गर्दी, कुणी ओरडतंय, "भिया, जल्दी!"
तो पुठ्ठ्यावर हिशेब मांडतोय,
एकक आधी, दशक मग,
झरझर, एकदाही न अडता.
मग मी पुढे झाले.
"मॅडम! तुम्ही?" पाव किलो खिळे, एक कडी.
पेन खिशात गेलं.
त्याने कॅल्क्युलेटर ओढला.

"लिहूनच दे ना," मी म्हटलं.

पुढचं बोलायला आले होते ते
घशाशी थांबलं.
त्याने पेन परत काढलं,
पुठ्ठा उलटा केला, कोरी बाजू वर.
हात वरच्या वर.
मी काहीच सांगितलं नाही.
एक.
दोन.