उत्पन्नाचा दाखला

तलाठी विचारतो, "कामाला जाता?"
मी हात पदराखाली घेते.
काजूच्या टरफलाचं तेल
लिंबानं जात नाही, राखेनं नाही,
उभादांड्याच्या वाळूनंसुद्धा नाही.

डावा पाय जन्मापासून मागून येतो;
त्याचे टक्के सरकारनं मोजलेत, शिक्का आहे.

दिवसाला सहा किलो फोडले तर पेन्शन जाते,
चार फोडले तर मीठ-मिरची अडते.
मी पाच फोडते,
आणि मुकादमाला सांगते,
वहीत भावजयीचं नाव लाव, वासंतीचं.

"नाही," मी म्हणते.

तो यंत्र पुढे सरकवतो. अंगठा.
यंत्राला रेषा सापडत नाहीत.
पुन्हा. नाहीतच.
"पुसून ठेवा," म्हणतो,
स्वतःचा रुमाल देतो.
मी पुसते, जोर लावून पुसते.
रुमाल पांढराच राहतो.

घडी घालताना तो माझ्याकडे बघत नाही.