पूर्ण वळवल्यावर

मे महिन्यात, भर दुपारी, कुणी गॅरेजला जातं का?
मी गेले. गाडी कण्हत होती,
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तेवढंच,
बारीक सूर लावून.

तांडापेठेत हेडाऊंचं गॅरेज.
वर टिनाचं छत, खाली कूलर,
त्यातलं गवत कोरडं, पाणी कधीच संपलेलं.
बॉनेट उघडा म्हणाले नाहीत.
खिडकीतून हात घातला,
चाक दोन बोटांनी हलवलं, डोळे मिटून.
"पंप नाही मॅडम. पट्टा ढिला झाला. तेल बी उतरलं."
खाली पुठ्ठा सरकवला.
थेंब. लाल.

चौदा वर्षं हीच गाडी.
वाडीचे खड्डे, कळमेश्वरच्या वळणावरची वाळू,
सिमेंटचा रस्ता कुठे संपतो, डांबर कुठे लागतं,
सगळं मला तळहातातून कळत आलं.

यांनी बुक केलेली नवी गाडी
शोरूमच्या पोराला शेजारी बसवून
वर्धा रोडला चालवून पाहिली.
ना तेल, ना पंप, ना पट्टा. एक मोटर,
किती जोर लावायचा ते तिचं ती ठरवते.
पार्किंगमध्ये एका बोटावर फिरते,
ऐंशीच्या पुढे आपणहून गंभीर होते.
पण रस्ता?
जणू फोनवर कुणी तिसराच सांगतोय,
हो, ते म्हणतात सगळं ठीक आहे.

हेडाऊंना विचारलं, खरं सांगा, कोणतं चांगलं?
मला हवं तेच उत्तर देतील, याची खात्री होती.
त्यांचे वडील मागावर बसत.
ताण्यातला एक धागा सैल पडला
तर दिवे गेलेले असतानाही सांगत, कुठला.
तोच हात होता ना हा.

पाना फिरत राहिला.
"हायड्रॉलिक सांगून मरते.
आधी कण्हते, मग गळते, मग जड होते,
तोवर माणूस माह्याकडे येऊन जाते.
इलेक्ट्रिकचा पिवळा दिवा लागला का झालं.
मले करायले काही नाही त्यात. अख्खा डबा बदला."
मी मान डोलावली,
पैज जिंकल्यासारखी.

"पण म्या घेतली ना तेच. सेकंडहँड.
बायकोले शिकवून राहिलो."

मागच्या भिंतीला टेकून उभी होती, पांढरी.
काचेवर लाल एल, घरीच कापलेला, जरा तिरपा.

"लग्न होऊन आली तवापासून कांड्या भरल्या तिनं.
बावीस वर्षं. एका हातानं चरखा, एका हातात सूत.
आता पोळी लाटते तर मनगट वाजते.
आधी माह्या जुन्या गाडीवर बसवलं.
गोळीबार चौकात गाडी बंद पडली, चाक दगड.
उतरून पायी घरी गेली. चाबी तिथंच."
हसले थोडे.
"हे वळवते ती. पहाटे पाचले नेतो.
काल मले म्हणे, मधात बोलू नका."

"रस्ता कळतो का त्यांना?" मी विचारलं.
विचारायला नको होतं.

"रस्ता?"
त्यांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट.
"दिसते ना तिले रस्ता, मॅडम."

आठशे वीस रुपये झाले.
पाचपावलीच्या पुलावर चाक निमूट होतं.
मला त्याचा जरा रागच आला.

नवी आली जूनमध्ये. जुनी सावनेरच्या एका मास्तरांनी नेली.
पोर्चमधला लाल डाग
रॉकेलने गेला नाही, राखेनेही नाही.
त्याच्यावरच नवी उभी करते.
एका बोटाने पूर्ण वळवते
आणि दर वेळी थांबते, कान देऊन.

शेजारच्या वैरागड्यांचा कूलर
ऐकू येतो.