चादर कुठल्या सुताची

ताम्रबाहू उडायचा तेव्हा मी आधी त्याची चादर बघायचो.
माफ कर, पण यंत्रमागवाल्याच्या पोराला
दुसरं काय दिसणार?
लाल रंग, कडेला पिवळी पट्टी, गळ्याशी गाठ.
किती काउंटचं सूत असेल, रंग पक्का असेल का,
पावसात मारामारी झाली तर पाठ गुलाबी होईल का.
आमच्या कारखान्यातली चादर दोन किलोची.
ती बांधून मी साखर पेठेतल्या जिन्यावरून उडी मारली.
गुडघ्यावर खूण अजून आहे.
चादरीला काही झालं नाही.

कॉमिक्स मिळायची राजय्या येमूलच्या टपरीत,
शिंप्याच्या ओट्याला लागून,
दिवसाचे पंचवीस पैसे, कोपरा दुमडला तर दहा जास्त.
रहस्यकथांची शेवटची पानं राजय्या स्वतः फाडून ठेवायचा,
पुस्तक परत आणलं की हातात द्यायचा,
उभ्यानं वाचून घे म्हणायचा.
त्यामुळे खुनी कोण हे कळणं
ही मला अजून बसून करायची गोष्ट वाटत नाही.

आता मतं. तू विचारलीस म्हणून सांगतो, शशिरेखा.

हेरकथांत पाऊस फार पडतो.
आपल्याकडे असता गुप्तहेर,
तर एप्रिलच्या बेचाळीस डिग्रीत
आरोपीच्या आधी त्याचा ओव्हरकोट शरण आला असता.

भुतांच्या कथा मी लाईट गेल्यावर वाचल्या, मेणबत्तीवर.
भुताची भीती वाटली नाही.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झालेले,
त्याची वाटली.

प्रेमकथांना हसू नकोस.
माझ्या आईनं विड्या वळता वळता
सुपाखाली ठेवून शंभर तरी संपवल्या.
दोनशे विड्यांना एक प्रकरण, असा तिचा हिशेब.
मराठी तिला लिहिता यायचं नाही, वाचता यायचं,
आणि नायिका रडली की ती तेलुगूत शिव्या द्यायची.
नायकाला.
जाणकार लोक याला हलकं साहित्य म्हणतात.
बरोबर आहे. सुपाखाली मावायला हलकंच लागतं.

महानायकांबद्दल मात्र तक्रार आहे.
वीज पडते, रसायन सांडतं, आणि माणसाला शक्ती मिळते.
अपघातानं!
आमच्या शेडमध्ये अपघातानं बोटं जायची.
अंबादास चिलवेरीची दोन गेली, उजव्या हाताची.
नंतर तो तुटलेल्या धाग्याला डाव्या हातानं गाठ मारायचा,
इतक्या झटकन, की बघताना माझा श्वास अडकायचा.
त्याचं कुणी चित्र काढलं नाही.

आणि खलनायक.
डॉक्टर शीतज्वर तीन-तीन अंक भुयारात राबायचा,
नकाशे, नळ्या, पगारी माणसं.
ताम्रबाहू यायचा शेवटच्या चार पानांत. एक गुद्दा, खलास.
मी विचार करायचो, ती पगारी माणसं,
त्यांना दिवाळीचा बोनस मिळत असेल का?
तेवढं कुठल्याच अंकात नव्हतं.

एकविसाव्या अंकात ताम्रबाहू मेला.
मी दोन दिवस धड जेवलो नाही.
तेविसाव्यात परत आला, चादरीसकट.
मी राजय्याच्या समोर अंक आपटला,
ही फसवणूक आहे, पैसे परत दे म्हटलं.
मेलेला माणूस असा येतो का कधी?
त्यानं गल्ला उघडला, पंचवीस पैसे ठेवले,
आणि अंक उचलून परत पहिल्यापासून चाळायला लागला.
त्याचा थोरला त्याच उन्हाळ्यात गेलेला.
मला फार उशिरा कळलं.
त्या तेविसाव्या अंकाबद्दल
तेव्हापासून माझं काहीच मत नाही.

तू विचारतेस, आवडता कोण.
सांगतो. नाव नाही त्याला.
पान सात, खालची चौकट, गर्दी.
सगळे आभाळाकडे बोट दाखवतायत.
एक जण हातात पिशवी घेऊन चाललाय,
चेहरा काढलेलाच नाही, नुसता अंडाकार,
छपाईत लाल रंग सरकून त्याच्या सदऱ्यावर आलाय.
तो वर बघत नाही.
बहुतेक दुसऱ्या पाळीला उशीर होतोय.

पुढच्या पानावर तो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.
अजूनही कुठला अंक हातात आला
की मी आधी गर्दी वाचतो.