एकोणपन्नास

खिडकी क्रमांक तीनवर मी बसते.
काचेखालच्या फटीतून लोक आपापली घरं आत सरकवतात :
फोटो, पावत्या, सुताराचं अंदाजपत्रक,
आणि प्रत्येक कागदाला
सात आठवड्यांपूर्वीच्या गाळाचा वास.

आज पेरीना झिबिलिच आली. वय एकाहत्तर.
लुईझियाना जिथे संपतं आणि आखात सुरू होतं
तिथे, बायूच्या शेवटच्या वळणावर तिचं घर.
नवरा आन्टे कालवं काढायचा.
घर त्याने बांधलं, कालवांचा हंगाम नसायचा
त्या उन्हाळ्यांत, नऊ उन्हाळे.

मी नियम सांगते. दिवसातून चाळीस वेळा सांगते,
आता माझा आवाज माझ्याशिवायही सांगेल :
दुरुस्तीचा खर्च घराच्या निम्म्या किमतीला पोचला
की घर मोडलं असं धरतात.
मग जुन्या जागी जुनं घर नाही.
मग चौदा फूट वर, खांबांवर.
किंमत फक्त घराची. जमीन धरायची नाही,
धक्का नाही, अंजिराचं झाड नाही.
भाच्याने फुकट खिळे ठोकले
तरी त्याचे हात बाजारभावाने मोजायचे.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे घर पाहावं उचलून.
उचलायला लागतात एक लाख दहा हजार,
अनुदानाची रांग तीन वर्षांची,
आणि बावीस पायऱ्या,
ज्यांचा उल्लेख कुठल्याच अर्जात नाही.
पेरीनाचा उजवा गुडघा स्टीलचा आहे.

विम्याचं पत्रही तिने आणलंय.
हप्ता पुन्हा अठरा टक्क्यांनी वर.
"नवा नकाशा काढला ना तुम्ही," ती म्हणते,
"तेव्हापासून कंपनी आम्हाला पाण्यात पाहते."
नकाशा मी काढलेला नाही.
मी फक्त तो भिंतीवर सरळ लावला.

घर : एक लाख चाळीस हजार.
दुरुस्ती : पंचाहत्तर हजार तीनशे.
ती आकड्याकडे बघत राहते,
वजनकाट्यावर ठेवलेल्या बाळाकडे बघावं तशी.
मग विचारते, "पुरात जे मोडलं तेवढंच ना?
आधीचं मोडकं धरत नाहीत?"
नाही, मी म्हणते. आधीचं धरत नाहीत.
आणि पेन मागायच्या आत
तिच्यापुढे पेन्सिल सरकवते.

"मागची पडवी," ती म्हणते, "आधीच कुजली होती."
दोन हजार दोनशे वजा.
"मोठ्या खोलीतली लाकडी जमीन...
आन्टेला ती कधी सरळ जमलीच नाही."
एकोणीसशे.
"न्हाणीघराचं दार पहिल्यापासून लागत नव्हतं."
सहाशे.
तिच्यामागे रांगेतला माणूस खोकतो. घड्याळात पावणेचार.
ती कागदावर वाकते, आवाज खाली येतो,
शेजारणीजवळ नवऱ्याची निंदा करावी तसा :
"लूकच्या खोलीचं प्लास्टर. ओल होती तिथे.
त्याला सांगितलं होतं मी, सिमेंट कमी घालू नकोस.
कंजूष होता. हातही काही फार चांगला नव्हता."
सहाशे चाळीस.

एकोणसत्तर हजार नऊशे साठ.
निम्म्याला चाळीस डॉलर कमी.

माझ्यासमोर फोटो आहेत.
एकात मागची पडवी आहे, वादळाआधीची :
फळ्यांच्या फटी अशा सारख्या
की एकाच नाण्याने मोजून घेतलेल्या वाटाव्यात.
जमिनीवर टेकवलेला गोट्यांचा डबा दिसतो,
कोपऱ्यात एकही गोटी घरंगळलेली नाही.
मी फोटो उलटा ठेवते.
टक्क्यांच्या रकान्यात एकोणपन्नास लिहिते,
दशांश चिन्हानंतर जे असतं ते लिहिते,
सही करते. पेनने.

माझं स्वतःचं घर चौदा फुटांवर आहे.
मागच्या वेळी मी ऐकलं, उचलून घेतलं.
बँकेचे अजून एकोणीस हप्ते.
किराणा दोन खेपांत नेते,
आणि वादळात पाणी खालून गेलं, खरंच गेलं,
मी खिडकीतून पाहिलं,
पेरीनाच्या बाजूचे दिवे एकेक करत विझताना.
म्हणजे नियम चुकीचा आहे असंही
मला धड म्हणता येत नाही.

ती परवान्याची घडी घालते, पर्समध्ये ठेवते,
पेन्सिल फटीतून परत करते.
दारापर्यंत जाऊन वळते,
रांग ओलांडून पुन्हा काचेशी येते.
"पडवी चांगली होती," म्हणते.
"हे कुठे लिहू नकोस."